बोल्ट बसला म्हणजे चाक जमलं असं नाही



आज आपण चाकांबद्दल बोलणार आहोत. गटाच्या पिकअपची चाकं, तिच्या डिस्क आणि तिचे टायर. विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे तर ड्रायव्हरचं काम, आपला काय संबंध? संबंध असा की गाडी गटाच्या नावावर आहे. कर्जाचा हप्ता गटाच्या खात्यातून जातो. नवे टायर घ्यायचे झाले की ठरावावर सही आपण करतो. आणि पहाटे भाजी घेऊन बाजाराला निघताना ड्रायव्हरच्या शेजारी आपल्यातलीच कुणीतरी बसलेली असते. पैसाही आपला आणि जीवही आपला. मग निर्णय तेवढा दुसऱ्याचा कशाला?

तालुक्याच्या गावी आमचं टायरचं दुकान आहे. मी गल्ल्यावर बसते आणि गरज पडली की पान्हाही हातात घेते. दुकानात बचत गटांच्या बऱ्याच गाड्या येतात, त्यामुळे नेहमीचे प्रश्न मला ठाऊक आहेत. आज आकडे बरेच येतील, तेव्हा जवळ वही-पेन असू द्या.

आधी शब्द समजून घेऊ. टायर ज्या धातूच्या चाकावर चढतो त्याला कुणी रिम म्हणतं, कुणी डिस्क. आपण डिस्क म्हणू. ही डिस्क गाडीच्या हबवर चार, पाच किंवा सहा बोल्टांनी बसते.

गटापुढे नेहमी येणारा प्रस्ताव असा असतो. कुणीतरी सांगतं, "ताई, जुन्या बाजारात एका मोठ्या गाडीच्या अलॉय डिस्क आल्यात, टायरसकट. कंपनीच्याच आहेत, ओरिजिनल. आपल्या पिकअपला बसतात, मी बसवून बघितल्यात. नव्या टायरच्या निम्म्या पैशात काम होईल." ऐकायला बरं वाटतं. गाडी दिसतेही रुबाबदार. सांगणारा लबाडच असतो असं नाही. पण "बसतात" आणि "चालतात" यांत फरक आहे. शेजारणीच्या पातेल्याचं झाकण आपल्या पातेल्यावर ठेवता येतं, पण वाफ धरून ठेवेलच असं नाही. आणि "कंपनीच्या आहेत" याचा अर्थ एवढाच की त्या कुठल्यातरी गाडीसाठी कंपनीने बनवल्या. आपल्या गाडीसाठी बनवल्या असं त्यातून ठरत नाही.

मग डिस्कचं काय काय तपासायचं? पाच गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, बोल्टांचं वर्तुळ. बोल्टांची संख्या सारखी असून भागत नाही. सगळ्या बोल्टांच्या मध्यातून जाणारं वर्तुळ किती व्यासाचं आहे ते बघावं लागतं. त्याला पीसीडी म्हणतात. पाच बोल्टच्या बऱ्याच जीपवजा गाड्यांना ते १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच असतं. पण पाच बोल्टच्याच दुसऱ्या अनेक गाड्यांना ते ११४.३ मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंच असतं. घरच्या मोजपट्टीनेही हे कळतं. पाच बोल्टच्या चाकात शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्याला १.७ ने गुणा. ८२ मिलिमीटर आलं तर साडेपाच इंची, ६७ आलं तर साडेचार इंची. चार किंवा सहा बोल्टच्या चाकात तर समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजेच पीसीडी.

दुसरी गोष्ट, मधलं मोठं भोक. हे हबच्या गोल उंचवट्यावर बसतं. भोक लहान असेल तर डिस्क बसणारच नाही. मोठं असेल तर बसेल, पण बऱ्याच गाड्यांत चाक बरोबर मध्यावर धरायचं काम हबच करतो. तिथे फट राहिली की चाक किंचित एका बाजूला बसतं, वेगात गाडी थरथरते आणि बोल्टांवर नको तो ताण येतो.

तिसरी गोष्ट, डिस्कची खोली. याला ऑफसेट म्हणतात. हे नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. हबला टेकणारा डिस्कचा भाग चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर आहे, की बाहेरच्या अंगाला सरकलेला आहे, याचं हे माप. बऱ्याच डिस्कवर ते ईटी अशा अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेलं असतं. समजा, आपल्या मूळ डिस्कवर ईटी ४० आहे आणि आणलेल्या डिस्कवर ईटी १०. दोन्हींची रुंदी सारखी असली तरी नवं चाक दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटर बाहेर येणार. बादली अंगाजवळ धरून उचलली तर सोपी जाते, हात लांब करून उचलली तर खांदा भरून येतो. पाणी तेवढंच असतं. चाक बाहेर गेलं की बेअरिंगचं असंच होतं. बेअरिंग लवकर जातं, खड्ड्यात स्टेअरिंग हिसके मारतं, टायर मडगार्डला घासतो. आकडा उलटा असेल तर चाक आत जातं आणि आतल्या भागांना घासतं. यावर उपाय म्हणून कुणी मध्ये स्पेसरची चकती घालायला सांगेल. माल वाहणाऱ्या गाडीला ते करू नका.

चौथी गोष्ट, नट. काही डिस्कना शंकूच्या आकाराचे नट लागतात, काहींना गोलसर, तर काहींना सपाट वायसरचे. भोकाचा आकार आणि नटाचा आकार जुळला नाही तर नट घट्ट वाटतो, पण टेकतो अगदी थोड्या जागेवर, आणि धावताना सैल होतो. अलॉय डिस्क लोखंडीपेक्षा जाड असते, त्यामुळे मूळ बोल्ट तिला आखूड पडू शकतो. नट हाताने फिरवताना निदान आठ वेढे आत गेला पाहिजे. तीन-चार वेढ्यांतच घट्ट झाला तर ती डिस्क त्या गाडीची नाही.

पाचवी गोष्ट, डिस्कची ताकद. माणसं नेणाऱ्या गाडीची डिस्क माणसांच्या वजनाच्या हिशेबाने बनवलेली असते. आपण हौद्यात कांद्याच्या गोण्या टाकतो. बऱ्याच डिस्कवर किती किलो भार चालतो ते कोरलेलं असतं, ते वाचा. शिवाय आपले रस्ते आठवा. खड्ड्यात आदळून लोखंडी डिस्क वाकली तर ते निदान दिसतं, बदलून घेता येते. अलॉयला तडा जातो, तो कधीकधी आतल्या बाजूला असतो आणि दिसतही नाही. मालगाडीला कंपनीने लोखंडी डिस्क दिली ती काही फक्त पैसे वाचवायला दिलेली नाही.

आता टायरकडे वळू. टायरच्या बाजूवर आकडे असतात. उदाहरणार्थ २१५/७५ आर १५. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे डिस्कचा व्यास इंचात. छोट्या हत्तीच्या टायरवर १४५ आर १२ असं असतं, तिथे मधला टक्क्यांचा आकडा नसतो. काही पिकअपच्या टायरवर ७.०० आर १५ असं असतं, तिथे रुंदी इंचात दिलेली असते. एकाच नावाच्या पिकअपच्या वेगवेगळ्या मॉडेलना वेगवेगळे टायर येतात, म्हणून शेजारच्या गटाच्या गाडीवर काय आहे ते बघून घेऊ नका. आपल्या गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक आणि ड्रायव्हरच्या दारापाशी असलेला कागद बघा. तिथे आकारही असतो आणि हवा किती भरायची तेही असतं. अक्षरं इंग्रजी असतात म्हणून अडू नका. मोबाइलवर फोटो काढा, घरातली शाळेत जाणारी मुलगी वाचून दाखवेल.

"थोडा मोठा टायर टाकला तर काय बिघडतं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हिशेब करून बघू. २१५/७५ आर १५ या टायरची पूर्ण उंची येते ७०३ मिलिमीटर. त्याच डिस्कवर २३५/७५ आर १५ टाकला तर उंची होते ७३३. तीन सेंटिमीटरचा फरक, म्हणजे सव्वाचार टक्के. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटर फेरेच मोजतो. त्यामुळे गाडी खरी १०० किलोमीटर चालली तर मीटर दाखवतो ९६. ज्या गटाची गाडी किलोमीटरवर भाड्याने जाते, त्यांनी इथे कान द्या. गाडी महिन्याला २,५०० किलोमीटर चालत असेल तर मीटरवर येतील सुमारे २,४००. किलोमीटरला २० रुपये दर धरला तर महिन्याला २,००० रुपये आणि वर्षाला २४,००० रुपये आपण फुकट गाडी चालवली. डिझेल मात्र पूर्ण २,५०० किलोमीटरचं जळलं. मीटरवर ॲव्हरेज कमी दिसतं, आणि बैठकीत उगाच ड्रायव्हरवर संशय घेतला जातो. उलट टायर लहान असेल तर मीटर जास्त दाखवतो, मग आपण गिऱ्हाइकाकडून न चाललेल्या अंतराचे पैसे घेतो. त्याशिवाय मोठ्या चाकाने गाडीची ओढ कमी होते. भरलेली गाडी घाटात आधीच दम टाकते, तिला आणखी जड जातं. मीटरवर ६० दिसत असताना वेग खरा ६२-६३ असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा सांगते. टायरवर आकाराच्या पुढे एक अंक आणि एक अक्षर असतं. तो अंक म्हणजे भार निर्देशांक, आणि अक्षर वेगाचं. अंक म्हणजे किलो नव्हेत, त्याचा एक तक्ता असतो. लिहून घ्या. ८६ म्हणजे ५३० किलो. ९५ म्हणजे ६९०. १०० म्हणजे ८००. १०४ म्हणजे ९००. १०८ म्हणजे १,०००. ११२ म्हणजे १,१२०. हा भार एका टायरचा. कधी १०६/१०४ असे दोन अंक असतात. त्यातला पहिला आपल्यासारख्या एकेरी चाकांच्या गाडीसाठी, दुसरा मागे जोडचाकं असणाऱ्या गाडीसाठी.

हा अंक वापरायचा कसा? आरसी बुकात भरलेल्या गाडीचं वजन दिलेलं असतं. समजा ते २,९०० किलो आहे, आणि त्यातले १,८०० किलो मागच्या आसावर येतात. मग मागच्या प्रत्येक चाकावर ९०० किलो आले. माणसं नेणाऱ्या गाडीचा १०० अंकाचा टायर लावला तर तो ८०० किलोंचा. आकार अगदी तोच, बोल्ट अगदी बसलेले, आणि तरीही चाकामागे १०० किलो कमी. १०४ अंकाचा टायर जेमतेम पुरतो. म्हणून १०६ किंवा १०८ घ्यावा, कारण खड्ड्यात आणि वळणावर एका चाकावर जास्त भार येतो. कंपनीने दिलेल्या अंकापेक्षा कमी अंकाचा टायर कधीच घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

आणखी एक खूण सांगते. आपल्याकडे टायरवर आयएसआय शिक्का लागतो आणि त्याच्याबरोबर आयएस क्रमांक असतो. १५६३३ असेल तर तो टायर माणसं नेणाऱ्या मोटारीच्या मानकाचा. १५६३६ असेल तर मालवाहू आणि व्यापारी गाड्यांच्या मानकाचा. दुकानदाराने "हेवी आहे" म्हटलं तरी आपण हा क्रमांक वाचावा. एलटी ही अक्षरं हलक्या मालगाडीची, आणि ८ पीआर, १० पीआर हे टायरच्या मजबुतीचे आकडे. तेही पुस्तकातल्याप्रमाणेच असावेत.

टायर कधी बनला हेही कळतं. एका बाजूला लंबगोलात चार अंक असतात. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कोरी दिसते म्हणून सात-आठ वर्षं पडून राहिलेला टायर नवा होत नाही. रबर कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात.

नक्षी कोणती घ्यावी? आपली गाडी बहुतेक डांबरी रस्त्यावर चालत असेल तर सरळ पट्ट्यांची. ती कमी झिजते आणि गाडी हलकी चालते. पावसाळ्यात काळ्या मातीतून शेतातला माल उचलायचा असेल तर मागच्या चाकांना मोठ्या ठोकळ्यांची नक्षी उपयोगी पडते. पण डांबरीवर ती आवाज करते आणि लवकर झिजते. वर्षातले किती दिवस गाडी चिखलात जाते ते मोजा आणि मग ठरवा. एकाच आसावर दोन जातींचे टायर मात्र नकोत. एक रेडियल आणि एक नायलॉन, किंवा एक नवा आणि एक झिजलेला, असं केलं की ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. रिमोल्ड केलेला टायर पुढच्या चाकाला लावू नका. आणि स्टेपनी विसरू नका. चार चाकं बदलली आणि पाचवं जुन्याच मापाचं राहिलं, तर पंक्चरच्या दिवशी रात्री आडरानात ते कळतं.

चाक बसवतानाही तुमच्यापैकी एकीने उभं राहावं. हबवरचा गंज आणि माती ब्रशने काढायला सांगा. नट आधी हाताने फिरवायचे. मग घट्ट करताना शेजारशेजारचे करायचे नाहीत. आपण हात न उचलता पाच टोकांची चांदणी काढतो ना, त्याच क्रमाने, एक सोडून एक. जॅक उतरवल्यावर शेवटचं घट्ट करणं, तेही जमलं तर टॉर्कच्या पान्ह्याने. पाइपावर उभं राहून नव्हे, त्याने बोल्ट ताणला जातो. मग स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, टायर कुठे टेकतो का. माल भरल्यावर पुन्हा बघा, कारण भरलेली गाडी खाली बसते. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट परत तपासायचे. हे शेवटचं काम सगळे विसरतात.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. भार निर्देशांकातले किलो खरे धरायचे ते पूर्ण हवेवरच. कमी हवेचा टायर चालताना सारखा दबतो आणि तापतो. वरून उन्हाळा आणि जादा माल. टायर फुटतो तो बहुधा असा.

कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. नियमांप्रमाणे चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. ते ओळखायला टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्याआधी तर त्याच्या आधीच बदला. फिटनेसला गाडी नेली की हे सगळं बघितलं जातं. आणि अपघात झाला तर विम्याचा माणूसही बघतो. भलत्या मापाची चाकं दिसली तर दावा अडू शकतो, आणि हप्ता मात्र चालूच राहतो.

शेवटी पैशांचं. टायरची किंमत दुकानात ठरत नाही, रस्त्यावर ठरते. समजा एक टायर ६,००० रुपयांचा आणि ४०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १५ पैसे पडले. दुसरा ४,५०० रुपयांचा आणि २५,००० किलोमीटर चालला, तर १८ पैसे. स्वस्त म्हणून घेतला तोच महाग पडला. हे कळायला लिहून ठेवावं लागतं. आपण बचतीची वही ठेवतो, कर्जाची ठेवतो. तशीच टायरची एक वही ठेवा. कोणता टायर, कोणत्या तारखेला, मीटरवर किती असताना लावला आणि किती असताना उतरवला.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. गाडी बैठकीच्या जागी आणायला सांगा. सगळ्याजणी मिळून पाचही टायरचे आकार, भार निर्देशांक, आयएस क्रमांक आणि बनवल्याची तारीख वाचा आणि वहीत उतरवा. शेजारी पुस्तकातले आकडे लिहा. जिथे जुळत नाहीत तिथे खूण करा. ड्रायव्हर भाऊंनाही सोबत घ्या. रस्ता त्यांना माहीत आहे, त्यांचं म्हणणं मोलाचं आहे. आणि यापुढे कुणी डिस्क किंवा टायर घेऊन आलं, तर "बसतात का" एवढंच विचारू नका. पीसीडी किती, ऑफसेट किती, भार किती, हे तीन आकडे मागा. ज्याला ते सांगता येत नाहीत, त्याच्या मालावर गटाची सही होणार नाही, असा ठराव करून ठेवा.

गाडी सांभाळून चालवा.